खिशातले यंत्र आणि छातीतला आकडा

सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशा सेविका दारोदार जाऊन घरातल्या प्रत्येकाच्या बोटाला एक चिमटा लावू लागल्या. पल्स ऑक्सिमीटर हे नाव तोवर ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभागाबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. पुढच्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेत, तोच चिमटा औषधांच्या दुकानांतून गायब झाला आणि मिळाला तर वाटेल त्या भावाने मिळाला. जुलै 2021 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाला ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आता तो कित्येक घरांत थर्मामीटरशेजारी सेल संपलेल्या अवस्थेत पडून आहे.

याच काळात श्वासाचे दुसरे यंत्रही मुठीत मावेल इतके लहान झाले. हा स्पायरोमीटर पूर्वी टेबल अडवून बसायचा, आता ब्लूटूथने फोनला जोडता येतो. 2021 मध्ये सिप्लाने 'स्पायरोफाय' नावाचे असे वायरलेस यंत्र भारतात आणले. पण घराघरांत ते पोहोचलेले नाही, आणि बहुतेक जनरल प्रॅक्टिशनरांच्या टेबलावरही नाही. खरे तर गरज याचीच जास्त आहे. भारतातल्या रोगभाराच्या राज्यनिहाय अभ्यासानुसार 2016 मध्ये देशात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, सुमारे 5.53 कोटी रुग्ण होते. त्यातल्या अनेकांनी एकदाही नळीत फुंकलेले नसेल.

अशा खिशातल्या यंत्रांवर किती विसंबावे, ती कुणाच्या हाती द्यावीत आणि आलेला आकडा कशाशी ताडून पाहावा, याविषयी गेल्या दहा-बारा वर्षांत बराच वाद झाला आहे. त्यातले काय निकाली निघाले आणि काय लोंबकळत आहे, ते इथे पाहू.

दोन यंत्रे, दोन वेगळे प्रश्न

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण दवाखान्यात ती रोज कानावर येते. 'ऑक्सिजन लेव्हल 97 आहे, म्हणजे फुप्फुसे ठणठणीत.' तसे नसते. ऑक्सिमीटर रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरले आहे ते सांगतो. स्पायरोमीटर सांगतो की छातीतली हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते. सीओपीडीच्या रुग्णाची फुंकण्याची ताकद निम्म्यावर आली तरी बसल्या जागी त्याचे सॅचुरेशन 95-96 असू शकते. शरीर बराच काळ भरपाई करत राहते, आणि ऑक्सिजन व हिमोग्लोबिन यांच्या नात्याचा आलेख वरच्या टोकाला जवळजवळ सपाट असतो. रक्तातला ऑक्सिजनचा दाब 100 वरून 70 मिलिमीटरपर्यंत उतरला तरी टक्केवारीत जेमतेम तीन-चारांचा फरक पडतो. साधारण 60 मिलिमीटरला ती 90 वर येते आणि तिथून पुढे आलेख कड्यासारखा कोसळतो.

कोविडमध्ये नेमके उलटे दिसले. माणूस बोलतो आहे, मोबाइल पाहतो आहे, धाप नाही, आणि आकडा मात्र 80. तिथे ऑक्सिमीटर अमूल्य ठरला. दम्यात तो फार उशिरा बोलतो, श्वासनलिका आवळल्याचे आधी कळते ते फुंकण्यातून. म्हणजे ही यंत्रे एकमेकांची जागा घेत नाहीत. दोन्ही एकाच डबीत बसवणारी उपकरणेही निघाली आहेत, पण त्याने हा फरक पुसला जात नाही.

पाण्याच्या टाकीपासून बोटाच्या चिमट्यापर्यंत

स्पायरोमीटरचा जनक जॉन हचिन्सन हा इंग्रज डॉक्टर. 1846 मध्ये त्याने दोन हजारांहून अधिक माणसांची मोजणी प्रसिद्ध केली. पाण्यात उलटी बुडवलेली टाकी, तिला नळी आणि माणसाच्या उंचीचा सांगाडा असे ते यंत्र होते. विमा कंपन्यांना आयुष्याचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडेल असा त्याचा विश्वास होता. 'किती हवा' याऐवजी 'पहिल्या सेकंदात किती हवा' हा अधिक उपयोगी प्रश्न फ्रान्समध्ये रोबेर तिफ्नो याने 1947 मध्ये मांडला. त्या आकड्याला आज एफईव्ही-वन म्हणतात. 1959 मध्ये मार्टिन राइट याने फुंकरीचा कमाल वेग मोजणारा पीक फ्लो मीटर आणला. पुढे त्याची प्लास्टिकची लहान आवृत्ती निघाली आणि काहीशे रुपयांत मिळणारी ती नळी आजही दम्याच्या रुग्णांचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

ऑक्सिमीटरची जन्मकथा अधिक गमतीची आहे. जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदयातून किती रक्त फेकले जाते ते मोजू पाहत होते. प्रत्येक ठोक्याबरोबर मोजणीत लाट उठायची आणि हिशेब बिघडायचा. ती लाट नाहीशी करण्याच्या खटाटोपात त्यांच्या लक्षात आले की हा अडथळाच कामाचा आहे. ठोक्याबरोबर हलते ते फक्त धमनीतले रक्त, तेव्हा लाटेपुरताच हिशेब केला तर कातडी, हाड आणि शिरा आपोआप वगळल्या जातात. हे 1974 सालचे. सुमारे 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा अवरक्त अशा दोन प्रकाशांचे शोषण ताडून पाहण्याचे तत्त्व आजच्या स्वस्तातल्या चिमट्यातही तेच आहे. आओयागी एप्रिल 2020 मध्ये वारले. त्यांचे यंत्र तेव्हा जगभर हातोहात खपत होते.

फुंकणे हे कौशल्य आहे

घरगुती स्पायरोमेट्रीच्या वादात यंत्राची अचूकता हा आता मुख्य मुद्दा उरलेला नाही. चांगली हातातली यंत्रे प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या पुष्कळ जवळ येतात. मुंबई आणि पुणे ही केंद्रे असलेल्या 'बोल्ड' या बहुराष्ट्रीय सर्वेक्षणात हातात धरायचा अल्ट्रासॉनिक स्पायरोमीटरच वापरला होता. अडचण आहे ती फुंकणाऱ्याची.

पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसक्षमतेच्या चाचणीच्या, खोलीत काय चालते ते पाहा. रुग्णाला ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात. 'पूर्ण श्वास घ्या, अजून, अजून. आता ओठ घट्ट मिटा आणि एकदम जोरात सोडा!' मग टेक्निशियनचा आवाज चढतो, 'सोडा, सोडा, सोडा, थांबू नका, अजून थोडं!' तिसऱ्या सेकंदाला रुग्णाला वाटते की आत काही उरलेले नाही. पडद्यावरची रेघ मात्र अजून चढत असते. बहुतेक माणसे इथे थांबतात आणि चाचणी वाया जाते. ओठांच्या फटीतून हवा निसटणे, मध्येच खोकला येणे, जिभेने नळी अडवणे, सुरुवातीलाच कचरणे, हे सगळे आलेखावर ओळखता येते, पण ओळखणारा डोळा तिथे हवा. अमेरिकी आणि युरोपीय श्वसनरोग संघटनांच्या 2019 च्या संयुक्त मानकानुसार तीन स्वीकारार्ह प्रयत्न लागतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोहोंत 150 मिलिलिटरहून जास्त तफावत चालत नाही. 'किमान सहा सेकंद फुंका' हा जुना नियम आता मागे पडला आहे. रेघ सपाट झाली का, हे त्याऐवजी पाहतात. सीओपीडीचे निदान करायचे तर सालब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देऊन पंधरा मिनिटांनी हे सारे पुन्हा.

मग घरी एकट्याने हे जमते का? बाजूने बोलणाऱ्यांचा दाखला फुप्फुस प्रत्यारोपणाचा आहे. प्रत्यारोपण झालेले रुग्ण 1990 च्या दशकापासून घरी फुंकत आले आहेत, आणि आकड्याची सलग घसरण ही नव्या फुप्फुसाला धोका असल्याची पहिली खूण ठरू शकते. हे रुग्ण शिकलेले असतात, जिवाची भीती असते आणि रोज फुंकून हात बसलेला असतो. शिवाय ते दुसऱ्याशी नव्हे, स्वतःच्याच कालच्या आकड्याशी तुलना करतात. दम्याच्या पीक फ्लो मीटरमागचा विचारही हाच. आपला सर्वोत्तम आकडा ठरवायचा, त्याच्या 80 टक्क्यांवर हिरवा पट्टा, 50 च्या खाली लाल.

शंका घेणाऱ्यांजवळही भक्कम पुरावा आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारावरच्या 'ई-आइस' या अमेरिकी चाचणीत घरी फुंकणाऱ्या गटात आजार बळावणे लवकर पकडले गेले, उपचारही लवकर झाले, तरी वर्षाअखेर दोन्ही गटांच्या फुप्फुसक्षमतेत फरक पडला नाही. फुप्फुसाच्या फायब्रोसिसवरच्या, म्हणजे वेगळ्याच आजारावरच्या, पिरफेनिडोन औषधाच्या चाचणीत तर घरची रोजची मोजणी हाच मुख्य निकष ठेवला होता, आणि काही आकडे इतके अशक्य निघाले की ठरवलेले विश्लेषणच करता आले नाही. अशी नोंद पुढच्या संशोधकांना फार उपयोगी पडते. दुर्दैवाने यंत्रांच्या जाहिरातीत ती सापडत नाही.

सध्याचे सर्वसाधारण मत असे दिसते: निदानासाठी प्रशिक्षित माणसासमोर फुंकावे आणि निदान झालेल्या, शिकवलेल्या रुग्णाने घरी कल पाहण्यासाठी फुंकावे. व्हिडिओ कॉलवर टेक्निशियनने बसून फुंकवून घेणे हा मधला मार्ग कोविडच्या काळात रुळला. तो किती टिकेल, हे टेक्निशियनच्या त्या वेळेचे पैसे कोण देणार यावर ठरेल.

चिमट्याचे गणित

ऑक्सिमीटरला रुग्णाचे कौशल्य लागत नाही, म्हणून तो घरात शिरला. पण त्याच्या आकड्यालाही शेपूट असते. चांगल्या यंत्राची मान्य त्रुटी साधारण 2 ते 3 टक्क्यांची. म्हणजे पडद्यावर 93 दिसले तर खरा आकडा 90 ही असू शकतो, 96 ही. गार बोटे, बोटाची हालचाल आणि कमी रक्तदाब या तिन्हींनी तो गोंधळतो. काळ्या मेंदीच्या बोटावर मोजणी अडल्याच्या नोंदी आहेत, साध्या लाल मेंदीने फारसे बिघडत नाही. लग्नसराईत हा तपशील निरर्थक नाही. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडला तर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते, आणि माणूस गुदमरत असताना तो 98 दाखवतो.

सर्वांत गंभीर प्रश्न कातडीच्या रंगाचा. गडद त्वचेवर आकडा जास्त येतो ही तक्रार 1990 च्या एका अमेरिकी अभ्यासापासूनची. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनमधल्या डॉक्टरांनी ती पुन्हा ऐरणीवर आणली. ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्ष धमनीतला आकडा 88 च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होते, कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के. त्यानंतर ब्रिटनमध्ये मार्गारेट व्हाइटहेड यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल मार्च 2024 मध्ये आला. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2025 मध्ये नवा मसुदा काढला. पूर्वी दहा निरोगी माणसांवर यंत्र तपासले तरी चालायचे, मसुद्यात ही संख्या 150 वर नेण्याचे आणि त्वचेच्या छटा प्रमाणित पट्टीवर नोंदवण्याचे सुचवले आहे. मतभेद आहे तो दोष नेमका कशाचा यावर. काहींच्या मते यंत्राच्या मूळ कॅलिब्रेशनमध्येच पुरेशी गडद त्वचा नव्हती. इतरांचे म्हणणे असे की रुग्णालयांतल्या जुन्या नोंदींत रक्त काढण्याची वेळ आणि चिमट्याची वेळ जुळत नाही, शिवाय आजारी माणसाचा रक्तप्रवाह मंद असतो, त्यामुळे दोष फुगून दिसतो. दोन्हींत तथ्य आहे, वाटा किती कुणाचा ते ठरायचे आहे. भारतात एकाच घरात चार छटा असतात. इथे विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या डबीवर ते कुणावर तपासले हे छापण्याची मागणी मात्र अजून जोर धरत नाही.

घरी आकडा पाहून जीव वाचतात का? एप्रिल 2021 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने 'सहा मिनिटे चालून पाहा' हा सल्ला दिला. चालल्यावर आकडा 93 च्या खाली आला किंवा आधीपेक्षा 3 हून अधिक उतरला तर दवाखाना गाठायचा. खाटा मिळत नसताना कुणाला आधी न्यायचे ते ठरवायला याची मदत झाली, असे त्या लाटेत काम केलेले डॉक्टर सांगतात. पेनसिल्व्हेनियात दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा 2022 मधला निष्कर्ष वेगळा होता: रोज संदेश पाठवून धाप विचारणे आणि त्यासोबत ऑक्सिमीटरही देणे यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक पडला नाही. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण परिस्थिती एक नव्हती. तिकडे दोन्ही गटांतल्या लोकांची दूरध्वनीच्या टोकाला नर्स वाट पाहत होती.

कुणाचे नॉर्मल?

या आढाव्यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग हा. स्पायरोमीटर फक्त लिटर मोजतो, तुमचा आकडा 'अपेक्षेच्या 78 टक्के' आहे हे त्यातले समीकरण सांगते. वय, उंची आणि लिंग यांच्याबरोबर त्यात बराच काळ वंशही होता. या कल्पनेचे मूळ फार स्वच्छ नाही. अमेरिकेतल्या गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट याने कृष्णवर्णीयांची फुप्फुसे जन्मतःच कमकुवत असल्याचे सांगायला स्पायरोमीटर वापरला, आणि यादवी युद्धातल्या सैनिकांच्या मोजणीने त्याला विज्ञानाचा मुलामा दिला. 1999 मध्ये ओवेन्स कॉर्निंग या कंपनीने ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत कृष्णवर्णीय कामगारांसाठी वेगळी, खालची पट्टी लावण्याची मागणी बाल्टिमोरच्या न्यायालयात केली. न्यायाधीशांनी ती मान्य केली नाही.

2012 मध्ये ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्हने 26 देशांतल्या सुमारे 74,000 निरोगी, धूम्रपान न करणाऱ्यांच्या मोजणीवरून नवी समीकरणे दिली. त्यांत भारतीय उपखंडाला स्वतंत्र गट मिळाला नाही, कारण उपलब्ध भारतीय आकडेवारी आपापसांत जुळत नव्हती. दहा वर्षांनी त्याच गटाने वंश वगळलेले 'ग्लोबल' समीकरण आणले आणि 2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने त्याची शिफारस केली. 2024 मधल्या एका हिशेबानुसार या एका बदलाने अमेरिकेतल्या सुमारे सव्वा कोटी लोकांचे फुप्फुसांच्या दोषाचे वर्गीकरण बदलते. कुणाचे अपंगत्व वाढते आणि भरपाईही वाढते, कुणाला शस्त्रक्रिया किंवा विशिष्ट नोकरी नाकारली जाऊ शकते.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुंबईत फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये निरोगी भारतीयांची मोजणी प्रसिद्ध केली, दिल्लीतून उत्तर भारतासाठी 2014 मध्ये समीकरणे आली. तरी काही प्रयोगशाळांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाश्चात्त्य समीकरणाला 0.9 ने गुणून काम भागवण्याची पद्धत होती. 17 देशांतल्या 'प्युअर' अभ्यासात 2013 साली असे दिसले की उंची आणि वय जमेस धरूनही दक्षिण आशियातल्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसांची एफईव्ही-वन उत्तर अमेरिका व युरोपपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी कमी आहे. यावर तज्ज्ञांची दोन टोके आहेत. एक म्हणते, धडाची ठेवणच वेगळी आहे; परदेशी पट्टी लावली तर निम्मा देश आजारी ठरेल, आणि न लागणारी औषधे चालू होतील. दुसरे म्हणते, कमी वजनाचे जन्म, बालपणातले कुपोषण, चुलीचा धूर आणि शहरांची हवा यांनीच ही फुप्फुसे लहान ठेवली. त्याला आपण 'नॉर्मल' म्हटले तर आजार लपतो. मला दुसऱ्या बाजूचे पारडे थोडे जड वाटते, कारण लहान फुप्फुसे असलेली माणसे पुढे जास्त मरतात, मग त्यांच्या वंशाचे नाव काही असो. पण दवाखान्यात समोर बसलेल्या एका बाईला कोणती पट्टी लावायची, याचे उत्तर त्याने मिळत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या तंतूंमुळे होणाऱ्या बिसिनोसिसचा वाद आठवून पाहावा. तिथे कामगाराची भरपाई फुंकरीच्या आकड्यावर अवलंबून होती. पट्टी खाली धरली की नुकसान कमी दिसणार, हे साधे अंकगणित होते.

कुणाला तपासायचे

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती गटाने 2016 मध्ये, आणि पुन्हा 2022 मध्ये, लक्षणे नसलेल्या सर्वांची सीओपीडीसाठी सरसकट तपासणी करू नये असे सांगितले. लवकर पकडून फायदा होतो याचा पुरावा तेव्हा नव्हता. कॅनडात 508 जणांवर झालेली चाचणी 2024 मध्ये आली आणि चित्र थोडे पालटले. या लोकांना धाप किंवा खोकला होता, पण निदान झालेले नव्हते. तज्ज्ञांनी उपचार केलेल्या गटाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या वर्षी कमी झाल्या. म्हणजे लक्षणे असलेल्यांना शोधणे योग्य, सरसकट नाही, इथवर बऱ्याच जणांचे एकमत होत आहे. नेपाळ, पेरू आणि युगांडात दहा हजारांहून अधिक लोकांवर प्रश्नावली आणि पीक फ्लो मीटर ही जोडी वापरून पाहिली गेली. सापडलेल्यांपैकी बहुतेकांचे निदान आधी झालेलेच नव्हते.

भारतात 'लक्षणे असलेला' म्हणजे विडी ओढणारा म्हातारा हे चित्र आता पुरत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधले. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली बाई त्यात मोडते. ती धापेला 'वय झालं' म्हणते आणि पीएफटीपर्यंत येतच नाही.

मनगटी घड्याळांचा इथे फार विचार करावा लागत नाही. बहुतेक घड्याळांतला ऑक्सिजनचा आकडा 'आरोग्यभान' या सदरात विकला जातो, वैद्यकीय निदानासाठी नाही, असे कंपन्याच बारीक अक्षरांत लिहितात. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायला सांगणाऱ्या बनावट ॲप्सविषयी सरकारी यंत्रणांना 2020 मध्येच इशारा द्यावा लागला होता.

याउलट गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी तीन दशकांपूर्वी बनवलेला श्वासमापक पाहण्यासारखा आहे. वीज नाही, पडदा नाही. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी. दर दहा श्वासांना एक मणी, लाल मण्यापर्यंत पोहोचले की बाळाला न्यूमोनिया. लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईलाही तो वापरता आला, आणि प्रतिजैविकही त्याच गावातल्या आरोग्यदूताकडे होते. म्हणून आकडा कळून उपयोग झाला.

राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत सीओपीडी आणि दमा यांचा समावेश आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हातातला स्पायरोमीटर ठेवायचा की नुसता पीक फ्लो मीटर, फुंकवून घेण्याचे प्रशिक्षण कुणाला द्यायचे, सॉफ्टवेअरमध्ये कोणती पट्टी भरायची, आणि संशयित रुग्णाला तिथल्या तिथे पंप देता येईल का, ही प्रश्नांची यादी अजून उघडीच आहे. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर औषधांच्या मागणीपत्रकात आहे, आणि ते दर तिमाहीला नव्याने भरले जाते.